हाताने घडवलेले लॉग होम: नियोजन आणि बांधकामाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या अंतर्भागात जमीन घेऊन ओंडक्यांचे घर बांधण्याचा विचार करणाऱ्या मराठी वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. अशा घराबद्दलची विचारणा बहुधा लाकडाच्या जातीपासून किंवा खर्चापासून सुरू होते. परंतु हे घर उभे राहिल्यानंतरही काही वर्षे वाळत आणि खाली बसत राहते, ही गोष्ट मनात पक्की झाल्याशिवाय ना आराखडा नीट होतो, ना अंदाजपत्रक. म्हणून घर बसण्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत विस्ताराने दिले आहे आणि इतर बरीच उत्तरे त्याच मुद्द्याकडे वळतात.

हाताने घडवलेले घर आणि कारखान्यात तयार होणारे लॉग होम यांत नेमका फरक काय?

कारखान्यात ओंडके यंत्रातून काढून एकसारख्या जाडीचे केले जातात आणि त्यांच्या वरच्या व खालच्या बाजूला एकमेकांत अडकणारी खोबण पाडली जाते. त्यामुळे एका ओंडक्याच्या जागी दुसरा बसवता येतो आणि भिंत वेगाने उभी राहते. हाताने घडवलेल्या घरात झाडाचे खोड जसे वाढले तसेच ठेवले जाते. साल दोन मुठींच्या सुरीने सोलली जाते, गाठी आणि किंचित बाक तसाच राहतो आणि बुंध्याकडे जाड, शेंड्याकडे बारीक हा मूळ आकारही कायम राहतो. भिंत समपातळीत यावी म्हणून एका थराचा बुंधा जिकडे असेल, तिकडे पुढच्या थराचा शेंडा ठेवला जातो. प्रत्येक ओंडका त्याच्या खालच्या ओंडक्यावर आखून कोरलेला असतो, त्यामुळे तो त्या भिंतीत त्या एकाच जागी बसतो, अन्यत्र कुठेही नाही.

दोन्ही प्रकारांत चांगली घरे बांधली जातात. मात्र विक्रेता ‘हॅंडक्राफ्टेड’ म्हणत असेल, तर ओंडका ओंडक्यावर आखून बसवला आहे की यंत्राने गोल केलेल्या ओंडक्यावर नुसते सुरीचे फटके मारून हाताच्या कामाचा आभास निर्माण केला आहे, हे स्पष्ट विचारून घ्यावे.

हे कसब कोणत्या भागात टिकून आहे?

युरोपातील नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या देशांची ही जुनी बांधकामपद्धती स्थलांतरितांबरोबर उत्तर अमेरिकेत गेली. क्वेबेकमधील शातो माँतेबेलो हे प्रचंड हॉटेल १९३० मध्ये फिनिश कारागीर व्हिक्टर निमार्क यांच्या देखरेखीखाली काही महिन्यांत उभे राहिले आणि त्यासाठीचे सुमारे दहा हजार सीडरचे ओंडके ब्रिटिश कोलंबियातून रेल्वेने नेले गेले. अमेरिकेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील ओल्ड फेथफुल इन हे १९०३-०४ मध्ये बांधलेले हॉटेल आजही पाहुण्यांनी भरलेले असते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे कौशल्य विरळ झाले होते. ॲलन मॅकी यांनी ब्रिटिश कोलंबियातील प्रिन्स जॉर्ज येथे शिकवण्यास सुरुवात केली आणि १९७४ मध्ये कारागिरांची संघटना स्थापन झाली, तीच पुढे इंटरनॅशनल लॉग बिल्डर्स असोसिएशन म्हणून ओळखली जाऊ लागली. या संघटनेने तयार केलेली बांधकामाची मानके अनेक कारागीर पाळतात. कारागिराशी करार करताना ‘काम या मानकांनुसार होईल’ असे वाक्य त्यात असावे, असा माझा आग्रह आहे. १०० माइल हाउस या लहानशा गावाच्या परिसरात आजही असे कारखाने आहेत, किंबहुना त्यांना उघड्यावरची आवारे म्हणणे अधिक योग्य, जिथे घर आधी उभे केले जाते आणि मग उतरवून जपान, जर्मनी किंवा अमेरिकेत पाठवले जाते.

कोणते लाकूड घ्यावे?

अंतर्भागात प्रामुख्याने वेस्टर्न रेड सीडर, डग्लस फर, एंगलमन स्प्रूस आणि लॉजपोल पाइन वापरले जाते. सीडरच्या गाभ्यातील नैसर्गिक द्रव्ये कुजण्याला विरोध करतात, ते हलके असते आणि कमी आकसते. पण ते महाग पडते आणि मऊ असते. डग्लस फर मजबूत असल्यामुळे तुळया, आढे आणि वासे यांसाठी उत्तम. स्प्रूस सरळ वाढतो, रंगाने फिकट असतो आणि भिंतींसाठी फार सोयीचा असतो.

लॉजपोल पाइनविषयी थोडे अधिक सांगायला हवे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून माउंटन पाइन बीटल या भुंग्याने ब्रिटिश कोलंबियातील सुमारे १.८ कोटी हेक्टर जंगलाला ग्रासले. भुंग्याबरोबर येणाऱ्या बुरशीमुळे लाकडात निळसर छटा उतरते, परंतु तिने लाकडाच्या ताकदीत लक्षणीय घट होत नाही. उभे वाळलेले असे झाड वापरले तर ओलावा आधीच बराच कमी झालेला असतो आणि घर कमी बसते. त्याच वेळी वाळताना त्याला पीळदार भेगाही पडलेल्या असतात, म्हणून असे ओंडके एकेक पाहूनच निवडावे लागतात.

ज्या झाडाच्या धाग्याला डाव्या हाताचा तीव्र पीळ आहे, ते झाड भिंतीत घेऊ नये. वाळताना ते वळते आणि शेजारच्या ओंडक्यांनाही जागेवरून हलवते. झाडतोड हिवाळ्यात झालेली असावी. त्या काळात खोडात रस कमी असतो आणि थंडीमुळे बुरशीचे काळे डाग पडत नाहीत. वसंतात तोडलेल्या झाडाची साल हाताने सहज निघते खरी, पण त्या सोयीची किंमत पुढे डागांच्या रूपाने मोजावी लागते.

ओंडके एकमेकांवर इतके घट्ट कसे बसतात?

ही क्रिया प्रत्यक्ष पाहण्यासारखी आहे आणि घर घेणाऱ्याने एकदा तरी आवारात उभे राहून ती पाहावी.

सोललेला ओंडका भिंतीवर क्रेनने ठेवला जातो. दोन्ही टोकांना आडव्या भिंतींचे ओंडके असतात, म्हणून तो खालच्या थरापासून बराच वर तरंगतो. प्रथम टोकांपाशी कच्च्या खाचा कोरून त्याला खाली आणले जाते, इतके की खालच्या ओंडक्याशी त्याची फट सर्वत्र शक्य तितकी सारखी आणि अरुंद व्हावी. नंतर स्क्रायबर हे कंपासासारखे अवजार त्या फटीच्या सर्वांत रुंद जागेपेक्षा किंचित अधिक उघडून पक्के केले जाते. त्यावर पाणसळीचे दोन बुडबुडे असतात. कारागीर ते दोन्ही मध्यभागी धरून ओंडक्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोन्ही बाजूंनी आणि खाचांच्या भोवतीही, पेन्सिलीची रेघ ओढत जातो. खालच्या ओंडक्याचा प्रत्येक फुगवटा आणि प्रत्येक गाठ त्या रेघेत उतरते. हात एका ठिकाणी जरी कलला, तरी तेवढ्या लांबीची फट त्या घरात कायमची राहते.

त्यानंतर ओंडका उलटा करून रेघेवर धारदार सुरीने चीर दिली जाते, जेणेकरून चेन सॉ चालवताना कडेचे धागे फाटू नयेत. मग सॉने लांब चर कोरला जातो आणि कडा पटाशीने साफ केल्या जातात. चर मधोमध पोकळ ठेवलेला असतो, त्यामुळे दोन ओंडके केवळ दोन कडांवर टेकतात. मधल्या पोकळीत लोकर किंवा अन्य उष्णतारोधक भरतात. खालच्या ओंडक्याच्या माथ्यावर करवतीने व्यासाच्या पाव ते निम्म्या खोलीपर्यंत एक लांब चीर आधीच दिलेली असते. लाकूड वाळताना तडकणारच असते. ते या चिरेपाशी तडकते आणि ती वरच्या ओंडक्याच्या चराखाली झाकलेली राहते. बाहेरच्या अंगाला वर तोंड करून भेग पडली, तर तिच्यात पावसाचे पाणी साठते, म्हणून ही चीर अत्यंत महत्त्वाची.

चांगला कारागीर आणखी एक गोष्ट करतो. तो सुरुवातीला वजन कोपऱ्यातील खाचांवर घेतो आणि लांब चरात केसाएवढी फट सोडतो. खाचा दबत जातात तशी ती फट मिटते. खालच्या ओंडक्याच्या खांद्यांना उतार दिलेला असल्यामुळे वरची खाच आकसत असतानाही खाली सरकते आणि घट्टच राहते. नव्या घरात चरात बारीक उजेड दिसला म्हणून घाबरून जाऊ नये. तीन वर्षांनी दिसला, तर मात्र विचारणा करावी.

प्रत्येक घर असे ओंडक्यावर ओंडका आखून, म्हणजे फुल स्क्राइब पद्धतीनेच बांधतात का?

नाही. चिंकिंगच्या पद्धतीत ओंडक्यांमध्ये फट ठेवून ती लवचिक मसाल्याने भरतात, पूर्वी त्यासाठी चुना-वाळू वापरत. खांब-तुळई पद्धतीत ओंडके केवळ सांगाड्यापुरते असतात आणि मधल्या भिंती साध्या चौकटीच्या असतात. उभे लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे असे घर बसत नाही म्हटले तरी चालेल. जुन्या फर व्यापाऱ्यांच्या ठाण्यांवर रूढ असलेल्या पिएस-स्यूर-पिएस पद्धतीत उभ्या खांबांच्या खोबणीत आखूड आडवे ओंडके सरकवतात. तिथे खांब जागेवर राहतात आणि मधले ओंडके बसतात, म्हणून तुळईखाली जागा सोडावी लागते. ज्यांना लांब ओंडके परवडत नाहीत किंवा अरुंद वाटेने नेता येत नाहीत, त्यांनी या पद्धतीचा जरूर विचार करावा.

घर ‘बसते’ म्हणजे काय, आणि किती?

ओले लाकूड वाळताना त्याचा व्यास कमी होतो, लांबी मात्र जवळपास तेवढीच राहते. आडव्या ओंडक्यांच्या भिंतीत प्रत्येक थर थोडा थोडा बारीक होत जातो आणि त्या सर्वांची बेरीज भिंतीच्या उंचीतून वजा होते. याशिवाय वजनाने कडा दबतात आणि चीर उघडल्यामुळे ओंडका किंचित पसरतो. ओल्या लाकडासाठी रूढ मानक उंचीच्या ६ टक्क्यांचे, म्हणजे दर फुटाला पाऊण इंचाचे आहे. १९ टक्के किंवा त्याहून कमी ओलावा असलेल्या लाकडासाठी हे प्रमाण कमी धरतात.

नऊ फुटी भिंत घेतली, तर पावणेसात इंच झाले. हे ऐकून अनेकांचा विश्वास बसत नाही, पण आकडा खरा आहे आणि घरातील प्रत्येक उभी वस्तू त्या हिशेबात धरावी लागते.

दारे-खिडक्यांपासून सुरुवात करू. सात फुटी दाराच्या दोन्ही बाजूंचे ओंडके सव्वापाच इंच खाली येणार असतील, तर चौकटीच्या माथ्यावर तेवढी मोकळी जागा आधीच ठेवावी लागते. चार फुटी खिडकीला तीन इंच पुरतात, कारण खिडकीच्या उंचीइतक्याच ओंडक्यांचे बसणे तिथे मोजायचे असते. चौकट ओंडक्यांना खिळ्यांनी ठोकायची नसते. ओंडक्यांच्या कापलेल्या टोकांत उभी खोबण पाडून तिच्यात एक पट्टी सरकवतात, म्हणजे ओंडके त्या पट्टीवरून खाली सरकतात आणि आडवे मात्र हलत नाहीत. माथ्यावरची जागा मऊ उष्णतारोधकाने भरून वरून फळी लावली जाते. ती फळी केवळ वरच्या ओंडक्याला जोडायची, चौकटीला नाही. एखाद्या सुताराने चांगल्या हेतूने ती दोन्हीकडे ठोकली, तर काही महिन्यांत वरच्या भिंतीचे वजन चौकटीवर येते, दार घासू लागते आणि शेवटी काच तडकते.

उभे खांब बसत नाहीत, भोवतालच्या भिंती मात्र बसतात. म्हणून प्रत्येक खांबाच्या पायाशी किंवा माथ्याशी स्क्रू जॅक असतो आणि तो वेळोवेळी थोडा थोडा सैल करून खांब भिंतींच्या गतीने खाली आणावा लागतो. जॅक सजावटीच्या पेटीत झाकला, तरी ती पेटी उघडता आली पाहिजे. जिना एका टोकाला मोकळा ठेवतात. वरच्या मजल्यावरून येणाऱ्या नळांना सरकता सांधा लागतो. विटांचा किंवा धातूचा धुराडा जागेवर राहतो आणि छप्पर त्याच्याभोवती खाली येते, म्हणून तिथली पत्र्याची झालर दोन तुकड्यांत, एकावर एक सरकणारी असावी. स्वयंपाकघरातील कपाटे भिंतीला उभ्या लांबट भोकांतून स्क्रूने जोडतात. आतल्या साध्या चौकटीच्या भिंतीच्या माथ्यावरही जागा सोडावी लागते. भिंतीतून आरपार गेलेले लांब बोल्ट स्प्रिंगने ताणलेले असतील तर उत्तम. नसतील, तर त्यांचे नट कसता येतील अशी जागा ठेवावी.

बहुतांश बसणे पहिल्या तीन ते पाच वर्षांत होते. पहिल्या हिवाळ्यात घर एकदम खूप तापवू नये. ओंडक्याचा बाहेरचा थर वेगाने वाळला आणि गाभा ओला राहिला, तर मोठ्या भेगा पडतात.

मराठी वाड्यांत सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा असतो, आडव्या ओंडक्यांची भिंत नसते. त्यामुळे घर बसण्याचा हा हिशेब आपल्याकडच्या सुतारकामाच्या अनुभवातून सहज सुचत नाही. ब्रिटिश कोलंबियातल्या ठेकेदारांमध्येही तो सर्वांना ठाऊक असतोच असे नाही. खिडक्या बसवणारे, नळजोडणी करणारे आणि कपाटे लावणारे लोक कामाला येण्यापूर्वी त्यांना एकत्र बसवून हे समजावून सांगणे, हे मालकाचे सर्वांत महत्त्वाचे काम आहे असे मी मानतो.

आराखडा करताना सर्वप्रथम काय ठरवावे?

ओंडक्याची लांबी. चाळीस फुटांपर्यंतचे चांगले ओंडके मिळतात, त्यापुढे निवड कमी होते, वजन वाढते आणि वाहतूक अवघड होते. साधारण चाळीस सेंटिमीटर व्यासाचा, बारा मीटर लांबीचा ओला ओंडका जवळपास एक टन भरतो. भिंत त्याहून लांब हवी असेल, तर मध्ये आडवी भिंत घेऊन सांधा तिच्या खाचेत लपवावा.

कोपरे जितके कमी, तितके काम कमी. चौकोनी घर काहींना साधे वाटेल, पण ओंडक्यांत ते फार देखणे दिसते. खिडकी कोपऱ्याच्या फार जवळ घेऊ नये आणि दोन खिडक्यांमध्ये भिंतीचा पुरेसा तुकडा ठेवावा, नाहीतर आखूड ओंडके आधाराविना उरतात. विजेच्या तारांसाठी ओंडक्यांमधून उभी भोके आवारातच, थर रचतानाच पाडली जातात. त्यामुळे दिव्याचे प्रत्येक बटण आणि प्रत्येक प्लग कुठे असेल, हे भिंत उभी राहण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. मागाहून सुचलेला प्लग जमिनीलगतच्या पट्टीतूनच आणावा लागतो.

स्नानगृहे आणि स्वयंपाकघराचा ओला भाग आतल्या साध्या भिंतींना लागून ठेवावा. बसणाऱ्या ओंडक्यांवर फरशा चिकटवल्या, तर त्या निघतात.

पाया, जोते आणि छपराबाबत कोणती काळजी घ्यावी?

लाकूड कुजते ते पाण्याने, आणि पाण्यापासून संरक्षण हे रंगाने नव्हे, रचनेने होते. सर्वांत खालचा ओंडका जमिनीपासून किमान ३० सेंटिमीटर उंच असावा. शक्य असेल तर ४५. वळचण किमान तीन-चार फूट बाहेर यावी आणि कोपऱ्यातून बाहेर डोकावणारी ओंडक्यांची टोके पागोळ्यांच्या रेषेच्या आत राहावीत. टोकांतून पाणी नळीने ओढल्यासारखे आत जाते. नक्षीसाठी ती टोके कमानीच्या आकारात लांब सोडण्याची पद्धत आहे, पण वर तेवढे छप्पर नसेल तर तिचा मोह टाळावा.

भिंतीला लागून असलेल्या उघड्या डेकवर हिवाळाभर बर्फ साठतो आणि वितळताना खालच्या दोन ओंडक्यांना भिजवत राहतो. जुन्या घरांत कुजलेला ओंडका बहुधा इथेच सापडतो. डेकवर छप्पर घ्यावे किंवा तो भिंतीपासून थोडा सुटा ठेवावा.

पाया काँक्रीटचा आणि गोठणरेषेच्या, म्हणजे हिवाळ्यात जमीन जितक्या खोलीपर्यंत गोठते तिच्या, खाली नेलेला असतो. छपराची रचना स्थानिक हिमभार धरून अभियंत्यानेच करावी, कारण ओंडक्यांच्या तुळया दिसायला दणकट असल्या तरी अंदाजाने ठरवण्याची ती गोष्ट नाही.

खर्च किती येतो?

ओंडक्यांचा सांगाडा हा एकूण खर्चाचा साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग असतो. ही गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे लोक फसतात. विक्रेत्याने दिलेल्या किमतीत भिंती, क्वचित छपराचे ओंडके आणि उतरवून पुन्हा उभे करण्याची मजुरी असते. पाया, छप्पर, खिडक्या, विहीर, सेप्टिक टाकी, वीज, जमिनीपर्यंतचा रस्ता आणि आतले सर्व काम वेगळे. गोल ओंडक्यांना लागून येणारी प्रत्येक फळी, फरशी आणि कपाट त्या गोलाईनुसार कापावे लागते, त्यामुळे आतले सुतारकाम साध्या घरापेक्षा हळू आणि महाग होते.

बँक बांधकामासाठीचे कर्ज टप्प्याटप्प्याने देते, आणि सांगाड्याचे पैसे मात्र घर अजून आवारात असतानाच द्यावे लागतात. हा टप्पा बँकेशी आधीच बोलून लेखी ठरवावा.

किती वेळ लागतो?

आराखडा आणि परवाने यांना काही महिने, सांगाड्याला आवारात तीन ते सहा महिने, त्याच काळात जागेवर पाया, मग क्रेनने काही दिवसांत भिंती उभ्या आणि त्यानंतर आतल्या कामाला सहा महिने ते वर्ष. हिवाळी तोड, उन्हाळी पाया आणि बर्फापूर्वी छप्पर असे वेळापत्रक जुळले, तर उत्तम.

हे घर स्वतः बांधता येईल का?

लहान कॅबिन येईल. अल्प मुदतीचे वर्ग चालतात आणि धीर असलेल्या माणसाला कोरीव काम शिकता येते. परंतु एक टनाचा ओंडका डोक्यापेक्षा उंच हलवताना चूक करण्याची मुभा नसते, आणि चेन सॉ हे सवयीने हाताळण्याचे अवजार आहे, हौसेने नव्हे.

ब्रिटिश कोलंबियात घर एकतर परवानाधारक बांधकाम व्यावसायिकाकडून बांधून घ्यावे लागते किंवा मालकाने स्वतः बांधण्यासाठी बीसी हाउसिंग या प्रांताच्या गृहनिर्माण संस्थेकडून परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. परवानाधारकाने बांधलेल्या नव्या घराला मजुरी व साहित्यावर दोन, बाह्य आवरणावर पाच आणि मूळ रचनेवर दहा वर्षांचा विमा असतो. स्वतः बांधलेल्या घराला तो मिळत नाही. सांगाडा कसबी कारागिरांकडून घ्यावा आणि आतले काम, रंग, बागकाम स्वतः करावे, हा मधला मार्ग बहुतेकांना झेपतो.

उणे तीस अंशांत असे घर उबदार राहते का?

राहते, पण त्याचे श्रेय एकट्या भिंतींना नाही. मऊ लाकडाचे उष्णतारोधक मूल्य, ज्याला आर-मूल्य म्हणतात, दर इंचाला सुमारे १.२५ असते. सरासरी बारा इंच जाडीच्या भिंतीचे आर-मूल्य त्यामुळे १५ च्या आसपास येते. सहा इंची लाकडी चौकटीत उष्णतारोधक भरलेल्या साध्या भिंतीचे नाममात्र मूल्य सुमारे २० असते, म्हणजे कागदावर ओंडका मागे पडतो. जाड लाकूड उष्णता साठवून हळूहळू परत देते, ही त्याची जमेची बाजू. परंतु घर थंड पडते ते बहुधा चरांतून, कोपऱ्यांतून आणि भिंत-छपराच्या सांध्यातून शिरणाऱ्या वाऱ्यामुळे. म्हणून छपरात भरपूर उष्णतारोधक घालावे, चांगल्या खिडक्या घ्याव्यात आणि पंखा लावून हवेच्या गळतीची चाचणी आतले काम झाकण्यापूर्वी करून घ्यावी. परवान्यासाठी ऊर्जेचे निकषही याच तीन गोष्टींच्या बळावर पूर्ण करता येतात.

लाकडाचे घर, म्हणजे आगीची भीती अधिक नाही का?

जाड ओंडका सहजासहजी पेटत नाही. त्याचा पृष्ठभाग मिनिटाला सुमारे ०.६५ मिलिमीटर या वेगाने कोळसा होत जातो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला काही काळ वाचवतो. खरी भीती वणव्याची आहे. जुलै २०१७ मध्ये प्रांताच्या अंतर्भागातील कॅरिबू या प्रदेशातील वणव्यांमुळे १०० माइल हाउस गाव रिकामे करावे लागले होते. वणव्यात घरे बहुतेकदा उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात, म्हणून धातूचे छप्पर, झरोक्यांना बारीक जाळी आणि भिंतीभोवती दीड मीटरपर्यंत खडी, यांना पर्याय नाही. जळणाची लाकडे भिंतीला टेकून रचणे हे त्या प्रदेशात सर्रास दिसते, ते टाळावे. विमा कंपनी अग्निशमन केंद्राचे अंतर विचारते. जमीन घेण्यापूर्वीच हे अंतर पाहून विम्याचा हप्ता विचारून ठेवावा.

आपल्या स्वयंपाकाचा आणि वास्तुशांतीच्या होमाचा लाकडावर परिणाम होईल का?

रोजच्या फोडणीतील तेलाची वाफ उघड्या लाकडात मुरते आणि पुसून निघत नाही. चूल साध्या चौकटीच्या, फरशी लावलेल्या भिंतीला ठेवावी आणि हवा बाहेर फेकणारा, पुरेशा ताकदीचा हूड बसवावा. हवा गाळून आतच सोडणारा उपयोगाचा नाही. चुलीजवळच्या ओंडक्यांवर पाण्यावर आधारित पारदर्शक लेप आधीच द्यावा. होम बाहेर खडीवर किंवा काँक्रीटच्या ओट्यावर करावा. नव्या लाकडात धुराचा काजळ थर वर्षानुवर्षे दिसत राहतो, आणि उन्हाळ्यात उघड्या आगीवर बंदी असू शकते, तेव्हा मुहूर्त काढताना तेही विचारून घ्यावे.

असे घर महाराष्ट्रात किंवा गोव्यात बांधता येईल का?

माझे उत्तर नाही असेच आहे. कोकणपट्टीत चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हवा दमट राहते आणि वाळवी मातीतूनच येते. सरळ, लांब सूचिपर्णी खोडे परदेशातून आणावी लागतील आणि ती त्या हवेत कधी नीट वाळणार नाहीत. कोकणातील जांभ्याचे घर, उंच जोते आणि खोल वळचण ही त्या पावसाला दिलेली योग्य उत्तरे आहेत. लाकडाचीच आवड असेल, तर जुन्या वाड्यांचे मोकळे झालेले सागवान वापरून खांब-तुळईचा सांगाडा करावा.

देखभाल किती करावी लागते?

दर तीन ते पाच वर्षांनी बाहेरचा लेप पुन्हा द्यावा लागतो, दक्षिणेकडील भिंतीला बहुधा त्याही आधी. लेप लाकडाला श्वास घेऊ देणारा आणि उन्हापासून वाचवणारा असावा. वरून जाड पापुद्रा धरणारे वार्निश वापरू नये, त्याखाली पाणी अडकते. नव्या लाकडाला बोरेटचे द्रावण द्यावे, त्याने बुरशी आणि कीटक दूर राहतात. पहिल्या वर्षी ओंडक्यातून मोठी माशीसारखी हॉर्नटेल बाहेर पडलेली दिसली तर भिऊ नये, ती वाळलेल्या लाकडात पुन्हा अंडी घालत नाही. सुतारमुंग्यांचा भुसा दिसला, तर मात्र जवळपास ओलावा आहे असे समजून त्याचा उगम शोधावा.

आधी बांधलेले लॉग होम विकत घेताना काय पाहावे?

खालचे दोन थर, डेकचे सांधे, खिडक्यांखालचे ओंडके आणि कोपऱ्यांची टोके बोथट पेचकसाने दाबून पाहावीत. लाकूड ठोकल्यावर खणखणीत वाजले पाहिजे. दारांच्या माथ्यावरची फळी काढायला सांगून बसण्याची जागा शिल्लक आहे की संपली आहे, हे पाहावे. स्क्रू जॅक कुठे आहेत आणि ते शेवटचे कधी फिरवले, हे मालकाला सांगता आले नाही, तर खांबांच्या माथ्याशी तुळई उचलली गेली आहे का, वरच्या मजल्याची जमीन खांबांपाशी उंच झाली आहे का, हे पाणसळीने तपासावे. जॅक सुस्थितीत असतील, तर असा चढ बरेचदा हळूहळू दुरुस्त करता येतो. कुजलेला ओंडका बदलणे मात्र मोठे काम आहे, आणि त्याची किंमत व्यवहार ठरण्यापूर्वी एखाद्या लॉग बिल्डरकडून लेखी घ्यावी.